याजकाला घाई कुणी लावली?

उपासनेच्या तीन वर्षांच्या चक्रात एकदा, सामान्य काळातील पंधराव्या रविवारी, आपल्या चर्चमध्ये दयाळू शोमरोनीचा दाखला वाचला जातो. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी ती वाट, लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला तो वाटसरू, त्याला पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेलेले याजक व लेवी, आणि अखेर थांबलेला तो परका माणूस. दाखला इतका ओळखीचा आहे की, वाचन सुरू होताच पुढे प्रवचनात काय येणार हे बाकावर बसलेले शाळकरी पोरही सांगेल. याजक कठोर हृदयाचा होता, लेवी ढोंगी होता, आपण तसे होऊ नये! मिस्सा संपते आणि आपण सारे लगबगीने घरी जातो.

अलीकडे या प्रवचनाला एक शेपूट जोडले जाऊ लागले आहे. "अमेरिकेत म्हणे एक प्रयोग झाला. सेमिनरीत शिकणारी मुले दयाळू शोमरोनीवर भाषण द्यायला निघाली होती, आणि वाटेत पडलेल्या माणसाला ओलांडून तशीच पुढे गेली!" मंडळी हळहळतात. चर्चच्या पायऱ्या उतरताना एखादा सुशिक्षित तरुण म्हणतो, "पाहिलंत? धर्माने माणूस सुधारत नाही, हे आता शास्त्रानेच सिद्ध केलं." त्यावर कुणी वडीलधारे गृहस्थ उत्तरतात, "माणसाचं मन म्हणजे काय प्रयोगशाळेतला उंदीर आहे? असल्या प्रयोगांवर विश्वासच ठेवू नये." या दोघांशीही माझे भांडण आहे. मात्र त्याहून मोठे भांडण आपणा सर्वांशी, म्हणजे ओघानेच माझ्या स्वतःशी आहे. तो प्रयोग कसा रचला होता हे न पाहताच आपण त्याची एक सुरस गोष्ट करून टाकली, आणि त्यातला जो भाग आपल्याला झोंबला असता तो नेमका गाळला.

तेव्हा आधी प्रयोग काय होता ते पाहू. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे केला व १९७३ साली प्रसिद्ध केला. त्यात भाग घेणारे विद्यार्थी प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरी या प्रेस्बिटेरियन संस्थेतले होते. बॅट्सन यांनी स्वतः त्याच सेमिनरीत धर्मशास्त्राचे अध्ययन केले होते. त्यामुळे धर्मद्वेष्ट्यांनी रचलेला हा सापळा होता, असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही. उलट या दोघांनी आपल्यापैकी पुष्कळांपेक्षा दाखला अधिक लक्षपूर्वक वाचला होता. त्यांनी विचार केला तो असा: याजक आणि लेवी ही त्या समाजातली प्रतिष्ठित, कामात गुंतलेली माणसे. त्यांच्या डोक्यात धर्माचेच विचार घोळत असणार, आणि कुठेतरी कुणीतरी त्यांची वाट पाहत असणार. शोमरोनी बहुधा इतका मोठा माणूस नव्हता. त्याच्या वाचून कुणाचे सभास्थान अडून राहणार नव्हते. मग फरक नेमका कशाने पडला? डोक्यातल्या विचारांनी, धार्मिकतेच्या प्रकाराने, की घाईने?

या तीन गोष्टी एकमेकींपासून सुट्या करता याव्यात म्हणून प्रयोगाची रचना केली गेली. विद्यार्थ्यांकडून प्रथम त्यांच्या धार्मिक वृत्तीविषयी प्रश्नावली भरून घेतली. नंतर प्रत्येकाला एका इमारतीत बोलावून सांगितले की, दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण ध्वनिमुद्रित करायचे आहे. काहींना विषय दिला दयाळू शोमरोनीचा, तर काहींना सेमिनरीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी योग्य अशा नोकऱ्यांचा. निघतेवेळी तीनपैकी एक निरोप मिळे. कुणाला सांगत, "तुम्हाला उशीर झाला आहे, ते मघापासून तुमची वाट पाहत आहेत." कुणाला, "तिथे तयारी झाली आहे, आता निघा." आणि कुणाला, "त्यांना अजून थोडा अवकाश आहे, पण निघायला हरकत नाही." दोन इमारतींमधल्या बोळात, एका दारापाशी, एक माणूस मान खाली घालून कोसळल्यासारखा बसलेला असे. विद्यार्थी जवळून जाऊ लागला की तो खोकत असे, कण्हत असे.

रचनेचे मर्म दोन बारीकशा गोष्टींत आहे. पहिली ही की, कुणाला कोणता निरोप मिळावा हे त्याच्या स्वभावावरून ठरवले नव्हते. चिठ्ठ्या टाकून वाटणी करावी तशी ती केली होती. रोजच्या जगात आपण एखाद्याला धावतपळत जाताना पाहतो आणि म्हणतो, हा आपमतलबीच आहे म्हणून धावतो आहे. तो स्वभावाने तसा आहे की कुणी धावायला लावले म्हणून तसा झाला, हे नुसत्या निरीक्षणाने कळत नाही. घाईची वाटणी चिठ्ठीने केली म्हणजे उदार आणि कंजूष, श्रद्धाळू आणि संशयी, सगळेच सगळ्या गटांत विखुरले जातात, आणि गटागटांत मोठा फरक दिसला तर तो घाईच्या पदरात टाकता येतो. दुसरी गोष्ट ही की, दारात कण्हणाऱ्या माणसाला समोरचा विद्यार्थी कोणत्या गटातला आहे हे ठाऊक नव्हते. कोण थांबला, किती थांबला याची नोंद तोच करणार होता. त्याच्या मनाने आधीच निकाल देऊ नये म्हणून ही खबरदारी. प्रवचनकार आणि पत्रकार अशी खबरदारी घेतील तर किती बरे होईल!

आता निकाल. चाळीस विद्यार्थ्यांपैकी सोळा जणांनी या ना त्या प्रकारे मदत देऊ केली. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, मध्यम घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्या दहांपैकी फक्त एक. धार्मिकतेच्या प्रश्नावलीवरून कोण थांबेल याचा अंदाज बांधता आला नाही.

पायऱ्यांवरच्या तरुण मित्राला मला विचारायचे आहे, यातून धर्म निरुपयोगी ठरतो तो कसा? या प्रयोगात धर्म न मानणाऱ्यांचा गट नव्हताच. सारे सेमिनरीचे विद्यार्थी होते. ज्याची तुलनाच केली नाही त्याचा निकाल लावता येत नाही, हा प्रयोगशास्त्राचा पहिला धडा. पडताळले गेले ते एवढेच की, धार्मिकांमध्ये धार्मिकतेच्या प्रकारावरून थांबणारे आणि न थांबणारे वेगळे काढता येतात का. आणि दाखल्याचे काय? ज्यांच्या मनात तो दाखला घोळत होता त्यांच्यापैकी ५३ टक्के थांबले. नोकऱ्यांवर बोलायला निघालेल्यांपैकी २९ टक्के. हा फरक योगायोगाने पडला असणे अगदी अशक्य नाही, म्हणून संशोधकांनी तो ग्राह्य धरला नाही. त्यांच्या शास्त्राच्या नियमांप्रमाणे ते बरोबरच होते. परंतु "परिणाम सिद्ध झाला नाही" आणि "परिणाम होत नाही असे सिद्ध झाले" ही दोन वाक्ये एक नव्हेत. १९७५ साली अँथनी ग्रीनवाल्ड या मानसशास्त्रज्ञाने याच आकड्यांची फेरतपासणी करून हा आक्षेप नोंदवला, आणि हे आकडे दाखल्याचा परिणाम होतो याच बाजूला झुकतात असे मत मांडले. चाळीस माणसांच्या प्रयोगावरून दोन हजार वर्षांच्या शिकवणुकीला रजा देणे हे शास्त्र नव्हे. तो उतावीळपणा आहे. आणि उतावीळपणाने काय होते, हेच तर या प्रयोगाने दाखवले!

आता वडीलधाऱ्या गृहस्थांकडे वळतो. माणसाचे मन प्रयोगात सापडत नाही, हे त्यांचे म्हणणे. हृदयाची पारख परमेश्वरच करतो, हे मलाही मान्य आहे. पण या प्रयोगाने कुणाचे हृदय मोजायला घेतलेच नव्हते. एकाच प्रकारची माणसे दोन निराळ्या प्रसंगांत ठेवली तर वागणे किती बदलते, एवढाच त्याचा प्रश्न होता. असे प्रश्न आपण सतत विचारत असतो आणि त्यांची उत्तरे पुराव्यावाचून देत असतो. "हल्लीची पिढी बिघडली", "शहरातल्या माणसाला माया नाही", "टीव्ही आणि मोबाईलने माणुसकी संपली": ही सारी माणसाच्या वर्तनाविषयीची विधानेच आहेत. आपल्या विधानांना पुरावा लागत नाही आणि दुसऱ्याने कष्टाने जमवलेला पुरावा मात्र आपल्याला चालत नाही, याला विनय कसे म्हणावे?

याच डार्ली यांनी बिब लाताने यांच्यासमवेत १९६८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पाहा. शेजारच्या खोलीत कुणाला तरी झटका आल्याचा आवाज ध्वनिक्षेपकावरून ऐकू येतो. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ८५ टक्के, तो आवाज थांबायच्या आत मदत बोलवायला उठले. आणखी चार जण ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी फक्त ३१ टक्के. "एवढी माणसं होती, पण एकही पुढे आला नाही" असे आपण चिडून म्हणतो. प्रयोग सांगतो, एवढी माणसे होती म्हणूनच कदाचित कुणी पुढे आला नाही. ही गोष्ट समजलेला माणूस गर्दीत उभा असताना दुसऱ्यांकडे पाहत बसणार नाही. हे ज्ञान टाकाऊ आहे काय?

अशा प्रयोगांवर आक्षेप घ्यायचा असेल तर तो घ्यायची खरी जागा निराळी आहे, आणि तिथे मी वडीलधाऱ्यांच्या बाजूचा आहे. बोळातला माणूस आजारी नव्हता. ते सोंग होते. त्या विद्यार्थ्यांना फसवले गेले होते. नंतर त्यांना सारे काही समजावून सांगण्यात आले, तरी दहांपैकी त्या नऊ जणांना आपल्याविषयी जे कळले ते त्यांनी मागितलेले नव्हते. १९६१ साली येल विद्यापीठात स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांनी सुरू केलेले प्रयोग तर याहून कठोर होते. आपण पलीकडच्या माणसाला विजेचे धक्के देत आहोत अशी समजूत करून दिलेल्या चाळीस पुरुषांपैकी २६ जण, केवळ प्रयोग घेणारा "पुढे चला" म्हणतो म्हणून, ४५० व्होल्टच्या शेवटच्या खटक्यापर्यंत गेले. धक्के खोटे होते, पण खटके दाबणाऱ्यांना फुटलेला घाम आणि सुटलेला कंप खरा होता. एवढी यातना देऊन ज्ञान मिळवण्याचा अधिकार कुणाला कुणी दिला? नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे मांडलेल्या नियमांत पहिलाच नियम होता तो माणसाच्या स्वेच्छेच्या संमतीचा. पुढे अमेरिकेत १९७९ सालच्या बेलमाँट अहवालाने, आणि आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनी हाच विचार विस्ताराने मांडला. माणूस हा साधन नव्हे, हे आपल्याला धर्मशिक्षणाच्या वर्गातच शिकवले जाते. तेव्हा "प्रयोग नकोत" असे म्हणण्यापेक्षा "ज्यांच्यावर प्रयोग करता त्यांचा मान राखा" असे बजावणे, हे ख्रिस्ती माणसाचे काम आहे.

असो. दोघांशी भांडून झाले. आता मुख्य भांडणाकडे येतो.

वाचकहो, त्या दहांपैकी नऊ जणांना आपण कठोर म्हणणार का? संशोधकांनी तसे म्हटले नाही. त्यांनी दाखवून दिले की, घाईत असलेला विद्यार्थी दोन कर्तव्यांच्या कचाट्यात सापडला होता. एका बाजूला बोळातला अनोळखी माणूस, तर दुसऱ्या बाजूला पलीकडच्या इमारतीत त्याच्यासाठी खोळंबून राहिलेला माणूस. त्याने शब्द दिला होता, तो पाळायला तो धावत होता. बॅट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या पुढच्या प्रयोगातही हेच आढळले की, आपल्यावर कुणाचे तरी काम अडले आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांनाच घाईने अधिक आंधळे केले. म्हणजे तो स्वार्थापायी नव्हे, कर्तव्यापायी चुकला. याजकाचेही तसेच झाले नसेल कशावरून? दाखला त्याच्या मनातले काही सांगत नाही. "कठोर हृदय" ही आपली भर आहे, कारण तेवढी भर घातली की तो आपल्यापासून निराळा होतो आणि आपण सुटतो.

आता माझी एक कबुली. मी आयुष्यभर शिक्षकी केली. शाळेची घंटा झाली की फाटक बंद, हा नियम मी स्वतः पाळला आणि इतरांना पाळायला लावला. एका पावसाळ्यात आठवीतला एक मुलगा घंटेनंतर चांगल्या वीस मिनिटांनी आला. गणवेश चिखलाने भरलेला, वह्या ओल्या. मी त्याला पहिला तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभे केले. मधल्या सुट्टीत शिपायाने सांगितले की, रस्त्यात घसरून पडलेल्या एका म्हाताऱ्या भाजीवालीला त्याने उठवले होते, विखुरलेली भाजी टोपलीत भरली होती आणि तिला दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊन सोडले होते. मी त्याला बोलावून विचारले, "मग सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "सर, तुम्ही विचारलं नाही." दुसऱ्या दिवशी तो वेळेवर आला. नंतर वर्षभर वेळेवर येत राहिला. त्या वर्षात त्याच्या वाटेवर आणखी कुणी पडले होते का, हे मला कधीच कळणार नाही.

प्रिन्स्टनचा प्रयोग मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचला. वाचताना मी विद्यार्थ्यांमध्ये स्वतःला शोधत होतो, आणि सापडलो भलतीकडेच. "तुम्हाला उशीर झाला आहे, ते मघापासून वाट पाहत आहेत" असे सांगणारा तो पहिल्या इमारतीतला माणूस: तो मी होतो. या प्रयोगाची गोष्ट सांगताना आपण नेहमी त्यालाच विसरतो. त्याच्या एका वाक्याने ६३ चे १० झाले.

काही जण म्हणतील, ही तर पापाला सबब झाली; दोष माणसाचा नाही, परिस्थितीचा आहे, असे म्हटले की पश्चात्ताप उरतोच कुठे? माझे म्हणणे उलट आहे. पश्चात्तापाचे क्षेत्र याने वाढते. जो थांबला नाही त्याचा दोष आहेच. पण ज्याने त्याला थांबायला वाव ठेवला नाही त्याचाही आहे. मिस्साच्या आरंभी आपण जी कबुली देतो तिच्यात, जे करायचे राहून गेले त्याचाही उच्चार असतो. माझ्यामुळे दुसऱ्याचे जे करायचे राहून गेले, ते कोणाच्या खात्यावर मांडायचे?

राज्यकर्त्यांना हे आपल्याआधी उमगले असे खेदाने म्हणावे लागते. अपघातात सापडलेल्याला रुग्णालयात नेले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, या भीतीने आपल्या देशात माणसे मदतीला पुढे होत नसत. "सहृदय व्हा" एवढाच उपदेश सरकारने केला असता तर काही साधले नसते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन ते संरक्षण कायद्यात आले. या मदत करणाऱ्याला कायद्याने दिलेले इंग्रजी नाव थेट लूकच्या शुभवर्तमानातल्या दाखल्यातून आलेले आहे: गुड समॅरिटन. आपला दाखला संसदेने घेतला, आणि माणसाचे हृदय बदलण्याची वाट न पाहता त्याच्या वाटेतला धोंडा बाजूला केला. आपण तो दाखला वाचतो, आणि धोंडा तिथेच ठेवून चालणाऱ्याला बोल लावतो.

म्हणून माझे मागणे लहानसे आहे, आणि ते धर्मगुरूंपासून घराघरातल्या आईवडिलांपर्यंत सर्वांकडे आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गाला, गायनाच्या सरावाला, वेदीसेवेला, दुकानातल्या कामाला, रात्रीच्या रोझरीला कुणी उशिरा आले, तर रागावण्यापूर्वी "का रे, वाटेत काय झालं?" एवढे विचारावे. खोटे सांगणारेही निघतील, निघू देत. आणि मुले घरातून निघताना "लवकर जा, उशीर करू नकोस" हे आपले ठरलेले वाक्य सांगून झाले की, त्याच्यामागे आणखी एक जोडावे: "वाटेत कुणाला गरज लागली तर उशीर झालेला चालेल." या वाक्याला पैसा लागत नाही, समिती लागत नाही. पण ते मुलाच्या कानावर आधी पडलेले असावे लागते. कुणीतरी पडलेले दिसल्यावर ते सुचायला त्याच्याकडे वेळ नसतो.

तीन वर्षांनी तो रविवार पुन्हा येईल. याजक आणि लेवी पुन्हा दुसऱ्या बाजूने निघून जातील. त्या वेळी आपल्यापैकी कुणीतरी मनाशी एवढे विचारावे की, यरीहोत त्यांची वाट पाहत कोण बसले होते, आणि उशीर झाला असता तर त्यांना ते काय बोलले असते?